रिकाम्यावर चाप ओढायचा नाही

नाही, पिशवी आत नको, मिस्त्री. तिथेच दारापाशी ठेवा, आणि लागेल ते एकेक हत्यार काढून घेऊन या — राग मानू नका, दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताकही फुंकून पितो. थांबा, आधी कडी घालतो. नको नको, तुम्ही हात लावू नका, मी घालतो. घट्ट आहे जरा ही कडी. घट्टच आहे, दुसरं काही नाही. हं, बसली. वेळ लागतो, पण बसते. आता मला सांगा, खाली कुणी विचारलं का तुम्हाला कुणाकडे चाललात म्हणून? तळमजल्यावरची बाई? विचारणारच ती, अख्ख्या जिन्याची खबर तिला लागते. आणि तुम्ही काय सांगितलंत? कपाटाचं कुलूप बदलायचंय म्हणून? झालं मग. अहो, नळ गळतोय म्हणायचं होतं. असू दे, सुटलेला बाण काही परत येत नाही. आमची ही बहिणीकडे गेलीय, ती यायच्या आत उरकलं पाहिजे सगळं. चला इकडे.

हे कपाट. लोखंडी आहे, जुनं आहे, पण पत्रा बघा किती जाड. ह्याच्या कुलपाला दोन किल्ल्या — एक ही, माझ्याजवळ, आंघोळीला जातानासुद्धा खुंटीवर समोर दिसेल अशी लावतो. दुसरी हिच्याजवळ, कपाट घरात आलं तेव्हापासून. आता मला असं कुलूप पाहिजे की ज्याला एकच किल्ली. दोन येतात? मग दुसरी माझ्या डोळ्यांसमोर मोडायची. आणि दुकानात साचाबिचा ठेवत नाही ना तुम्ही, नंतर घरी बसून तिसरी करायला? हसताय? हसणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. आत काय आहे? कागद आहेत. एक कोट आहे, जुने कपडे आहेत, दुसरं काय असणार. काय म्हणालात — कुणी जबरदस्ती केलेली दिसत नाही? नीट बघा, बॅटरी लावून बघा, ओरखडा, खरवडलेलं, काही? काहीच नाही? म्हणजे किल्लीनेच उघडलंय. मी काय म्हणत होतो. बाहेरचा चोर नाहीच हा, मिस्त्री, इथे कुंपणच शेत खातंय.

वरचा कप्पा रिकामा करायला लागेल? का? आतून स्क्रू आहेत होय. मग तुम्ही तोंड तिकडे करा जरा. खिडकीकडे बघा. कोट काढतो, कागद काढतो, आणि ही एक पेटी आहे — तुम्ही बघताय. बघितलंतच. काचेत दिसतं सगळं, माझ्याही लक्षात नाही राहिलं. बरं, आता लपवून काय उपयोग, तुमच्या मनात उगाच भलतं येईल, म्हातारा सोनंनाणं दडवतोय म्हणून. या, बसा. हात पुसा आधी. ह्या फडक्याला नका पुसू, हे त्याचं फडकं आहे.

हे बघा. रिव्हॉल्वर. दचकू नका, परवाना आहे, तो काय तिथे कागदांत. पहिली गोष्ट — हातात घेतलं की आधी हे गोल चक्र बाहेर काढायचं. सिलिंडर म्हणतात ह्याला, गॅसचा नव्हे. असं. आता बघा आरपार — सगळी घरं रिकामी, पलीकडचा उजेड दिसतो. कुणाच्या हातात द्यायचं तर असं उघडंच द्यायचं, मिटून द्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि दुसरी गोष्ट — हो हो, बोट तिथे नको. तो चाप. रिकाम्यावर चाप ओढायचा नाही. कधी म्हणजे कधीच नाही. हा मागचा घोडा आहे ना, त्याच्या तोंडाला एक पिन असते, बारीक, चिमणीच्या चोचीएवढी. चाप ओढला की घोडा पडतो आणि ती पिन काडतुसाच्या बुडावर आपटते. आत काडतूसच नसलं तर ती आपटणार कशावर? हवेत हिसका बसतो, आज ना उद्या तडकते. सिनेमात बघून आलेली पोरं क्लबात आली की आधी हेच करायची, खटाक्-खटाक्, आणि माझा हात त्यांच्या मनगटावर. किती वर्षं शिकवलं मी तिथे नेम धरायला, एकदाही मी रिकाम्यावर चाप ओढला नाही, आणि ह्याचा तर नाहीच नाही.

मुलामा? नाही हो, सगळे तेच विचारतात. मुलामा असता तर इतक्या वर्षांत ह्या कडा उघड्या पडल्या असत्या. हे अंगचंच स्टील आहे, आतबाहेर एकच. ज्या काळात सगळी रिव्हॉल्वरं काळी-निळी असायची ना, त्या काळातलं हे — लोक हसायचे, म्हणायचे, हे काय स्वयंपाकघरातून आणलंत का? मूठ बघा, अक्रोडाची, इथे झिजलीय बघा आतल्या बाजूला, ती माझ्या तळहाताने झिजलीय. आधीच्या मालकाच्या नाही, त्याने नुसतं पेटीत ठेवलं होतं. आणि हे ऐका, सिलिंडर फिरवतो — कान इकडे करा — टिक्, टिक्, टिक्. घड्याळजीसुद्धा मान डोलावेल. अशी वस्तू आता होत नाही. आता सगळं हलकं, सगळं घाईचं. मी रोज दुपारी हे काढतो, पुसतो, तेलाचा हात फिरवतो आणि ठेवून देतो. आमची ही म्हणायची, मला एवढं कधी न्याहाळलं नाहीत. सवत म्हणायची ह्याला. आणि भ्यायची पण, इतकी की मी पेटी उघडली की ती ह्या खोलीतून उठून जायची. कधी बोट लावलं नाही तिने ह्याला. पक्कं लक्षात ठेवा हे, पुढे कामाला येणार आहे — तिने कधी बोट लावलं नाही.

द्या, इकडे द्या आता. — नाही, धरायची गरज नाही, पडत नाही माझ्या हातून. हात हलतो, तो हलू द्या. तुम्ही हाताकडे नका बघू, वस्तूकडे बघा.

सगळे तेच करतात, हाताकडे बघतात. विचारा, विचारून टाका, नाहीतर स्क्रू काढताना तुमचं लक्ष लागायचं नाही. आजार आहे. डॉक्टर म्हणतो, जिवाला धोका नाही, फक्त वाढत जाणार. फक्त. ह्याच हातावर, मिस्त्री, असा लांब पसरून, भरलेली कपबशी ठेवायचो मी पोरांसमोर, थेंब सांडायचा नाही, आणि मग म्हणायचो, आता बोला, हात म्हणजे काय. एक दिवस सांडला. पोरं हसली नाहीत, तेच वाईट. मग क्लबाच्या सेक्रेटरीने निरोपाचा समारंभ केला, फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि जाताना हळूच म्हणाला, सर, ती क्लबाची किल्ली तेवढी ठेवून जाता का. फुलं ह्या हाताने घेतली, किल्ली ह्या हाताने दिली. असो. ती बारीक पकड तुमच्या पायाशी आहे बघा, शोधताय ती.

तर मी काय सांगत होतो. संशय. मला संशयी म्हणतात सगळे, पण संशय हा काही आभाळातून पडत नाही, त्याला कारण लागतं. बारीकसारीक गोष्टी असतात. आता हा कप. ही हल्ली मला चहा अर्धाच देते. का? विचारलं, तर म्हणते दूध कमी होतं. रोज दूध कमी? आणि स्वतःचा कप काठोकाठ? दुसरं, हा शर्ट बघा. बाहेरून गुंड्या दिसतात ना? आता हे ओढून बघा. बघा, आतून टिचबटनं आहेत, गुंड्या वर नुसत्या शोभेला शिवल्यात. मला न विचारता. सगळ्या शर्टांना. मी म्हटलं, हे काय, तर म्हणते, काजं फाटली होती. सगळ्या शर्टांची, एकदम? बायको इतकी वर्षं कधी खोटं बोलत नाही आणि म्हातारपणी थापा मारायला लागते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय की नाही? मनात पाल चुकचुकणारच.

आणि मग हा ठसा. उजेडात या. इथे, सिलिंडरच्या मागे, सपाट जागेवर, तिरकं धरा म्हणजे दिसेल. अंगठा आहे. स्टीलचं हेच तर आहे, ते गंजत नाही पण लपवतही नाही, कुणी हात लावला की सांगून टाकतं. मी रोज पुसतो, मग हा आला कुठून? आणि ठशात ही आडवी रेघ दिसते? आमची मुलगी तान्ही होती तेव्हा दुधाची काचेची बाटली फुटली होती आणि हिच्या अंगठ्यात काच गेली होती. त्याचा व्रण आहे तो. जगात दुसऱ्या कुणाचा अंगठा असा नाही. मी पुसला नाही हा ठसा, पुरावा म्हणून ठेवलाय, बाकी सगळीकडे फडकं फिरवतो आणि इथे आलो की थांबतो. जिने उभ्या जन्मात ह्याला बोट लावलं नाही, तिचा अंगठा इथे आला कसा, सांगा तुम्ही.

तुम्ही कशाला सांगाल, मीच सांगतो. तिने हे बाहेर नेलं. आणि नेलं कुणाकडे, तेही मला ठाऊक आहे. आमच्या क्लबाच्या बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, उस्ताद म्हणतात त्याला. माझा जुना दोस्त, म्हणजे मी समजत होतो दोस्त. मागे एकदा मी डॉक्टरकडून लवकर परतलो, तर हा इथे, ह्या खुर्चीत, हिच्यासमोर चहा पीत बसलेला, आणि मी आत पाऊल टाकल्याबरोबर दोघं गप्प. गप्प म्हणजे अगदी घड्याळाची टिकटिक ऐकू यावी असे. म्हटलं, काय उस्ताद, कसं काय येणं केलं? तर म्हणतो, सहज. त्या माणसाने सहज म्हणून कधी जिना चढलेला नाही, गुडघे गेलेत त्याचे. आणि त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, ह्यांचं काहीतरी शिजतंय, माझ्यामागे ह्याला गिऱ्हाईक बघताहेत. उस्तादाला ह्याची किंमत माहिती आहे, ह्या रिव्हॉल्वरच्या स्क्रूच्या खाचेलाही कधी चुकीचा पेचकस लागू दिला नाही त्याने. म्हणायचा, सर, हे तेल द्यायला आणता ना, त्या दिवशी मी आंघोळ करून दुकानात येतो. आणि त्याच माणसाने — तुम्ही काम करा, हात का थांबला तुमचा — त्याच माणसाने ह्याची पिन घासून टाकली. होय. ती चिमणीची चोच. कानस मारून बोथट केलीय, पार घोड्याबरोबर सपाट. बाहेरून काही कळत नाही, घोडा उठतो, चाप ओढला जातो, सिलिंडर फिरतं, सगळं जसंच्या तसं, फक्त काडतुसापर्यंत काही पोचत नाही. अस्सल वस्तूचा जीवच घेतला. आणि हे दोघांनी मिळून. म्हणून कुलूप बदलायचं, कळलं आता? उद्या आणखी काय करतील, त्याचा नेम नाही.

काय?

कसं कळलं म्हणजे काय, दिसलं. बघितलं आणि दिसलं. — हो, ती पिन आत असते, बरोबर, घोडा मागे घेतल्याशिवाय दिसत नाही, आणि तशी बारीक वस्तू मला हल्ली चष्मा लावूनही दिसत नाही, तेही बरोबर. तुमचं लक्ष फार आहे हो, मिस्त्री. मी नेहमी म्हणतो, शांत बसणारी माणसं जास्त ऐकतात. आवाजावरून कळलं. घोडा पडल्याचा आवाज वेगळा आला. खट् यायला पाहिजे होता, तो टप् आला, लाकडी चमचा टाकल्यासारखा. असा आवाज आला म्हणजे जाणकाराला कळतंच की —

नाही. रिकाम्यावर नाही ओढला. सांगितलं ना तुम्हाला, रिकाम्यावर मी कधीच ओढत नाही.

असं बघू नका माझ्याकडे.

रिकामं नव्हतं.

काल दुपारी. ही बाजारात गेली होती. जाताना दारातून दोनदा मागे वळून बघितलं तिने, हल्ली नेहमीच बघते, मला वाटायचं माझ्यावर पाळत ठेवते. मी ह्याच खुर्चीत बसलो होतो. रडत नव्हतो बिडत नव्हतो, तसलं काही मनात आणू नका. सकाळी चहा घेतला होता, तो अर्धा कपही सांडला आणि हिने काही न बोलता पुसून घेतला, आणि माझी बोटंही पुसली, एकेक बोट, तान्ह्याची पुसावीत तशी. बस, एवढंच झालं होतं. लाज वाटली, मिस्त्री. मरणाची लाज वाटली, तोंडाने म्हणतात ना तशी नाही, खरोखरची. वाटलं, डॉक्टर म्हणतो वाढत जाणार, मग हिने काय काय पुसायचं? म्हणून पेटी काढली. आणि आवाज आला तो टप्.

पहिला विचार काय आला, ऐकायचाय? तुम्ही हसाल. पहिला विचार आला, उस्तादाने काम बिघडवलं. त्याही वेळी. इतका राग आला, इतका राग आला की उरलेलं सगळं विसरलो, उठलो, काडतुसं काढून डब्यात टाकली, बल्ब लावला, भिंग शोधलं, घोडा मागे घेऊन भिंगातून बघितलं आणि म्हटलं, बघतोच आता दोघांकडे. तेवढ्यात ही आली. मी पेटी आत टाकली, कुलूप लावलं. हिने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, चहा टाकू का? मी म्हटलं, टाक. तेव्हापासून डोक्यात एकच, कुलूप बदलायचं, कुलूप बदलायचं, आणि आज ती गेल्या-गेल्या तुम्हाला फोन लावला.

आता तुम्हाला सांगता सांगता — काय आहे, माणूस स्वतःशी बोलत असला की स्वतःचंच ऐकत नाही. दुसऱ्याला सांगायला लागला की ऐकू येतं. ती भीत होती हो ह्याला. पेटी उघडली की उठून जायची. तिने हे एकटीने बाहेर काढलं असेल, मी मागून येतोय का तिकडे कान लावून. भाजीच्या पिशवीत घालून नेलं असेल, नाहीतर कशात नेणार. भर रस्त्यातून, गर्दीतून, ही बाई, जिला फुगा फुटला तरी धडकी भरते. काडतुसं का नाही काढून घेतली? मी मोजतो म्हणून. शर्ट तसाच दिसायला हवा, कप तसाच दिसायला हवा, हे पण तसंच दिसायला हवं, नाहीतर माझं कसं होणार. आणि त्याच्यापुढे ठेवून काय म्हणाली असेल ती? मला ते उच्चारवतसुद्धा नाही. आणि उस्ताद. कानस घेतली असेल त्याने. ह्याच्यावर. डोळे लाल होते त्याचे, मी तुम्हाला सांगितलं ना, लाल होते. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

आणि परत येऊन तिने चहा केला असेल. माझा अर्धा, तिचा पूर्ण.

ते नवीन कुलूप ठेवा पिशवीत. हो, खरंच ठेवा. काढलेलं जुनंच परत बसवा, होतं तसं, स्क्रूसुद्धा तेच. आणि बसवलंत की फिरवून बघा, नीट चालतंय ना. तिची किल्ली लागली पाहिजे. घट्ट असेल तर तेल घाला, तिच्या हातात तेवढा जोर नसतो. काडतुसं त्या पत्र्याच्या डब्यात आहेत, तो डबा टेबलावर ठेवा इथे, तिला दिसेल असा. पेटी मिटू नका. राहू द्या उघडी. आणि ते फडकं घेताय तर घ्या, पण तिथे नका फिरवू, सिलिंडरच्या मागे, तो ठसा आहे तिथे पुसू नका.

झालं? चालतंय? मग निघा तुम्ही आता, मिस्त्री. कुणाला काही सांगू नका, म्हणजे तुम्ही सांगणार नाही, मला ठाऊक आहे. निघा ना. बसलात का असे? मी ठीक आहे, म्हटलं ना. बरं, बसा, ती येईपर्यंत बसा, तुमचंच खरं. थांबा — जिन्यात कुणीतरी बोलतंय. तीच ती तळमजल्यावरची. सांगतेय कुलूपवाला आलाय म्हणून. आता ही धावत येईल वर, बघा, चपलांचा आवाज. अशी कधी धावत नाही ती. दार ठोठावतेय, ऐकलंत? उघडा लवकर, घाबरली असेल. तुम्ही उघडा, मिस्त्री, ती कडी घट्ट नाहीये. माझ्याने निघत नाही.